धाव, पाना आणि पट

गाडीच्या आयुष्यात शर्यतीचा वाटा फार थोडा असतो. बाकीचा सगळा काळ ती कुणाच्या तरी अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एका बाजूने जॅकवर चढवलेली असते आणि कुणीतरी तिच्याखाली उताणं पडून हात काळे करत असतं. संगणकावरच्या बहुतेक शर्यतींच्या खेळांत हा काळ गायबच असतो. खेळ उघडला की चकचकीत गाडी तयार, टाकी भरलेली, टायर नवे. भिंतीवर आदळली तरी दोन क्षणांत पुन्हा रस्त्यावर उभी. गाडी हाताने बांधलेल्या कुणालाही हे पटणार नाही.

फिनलंडच्या योहानेस रोयोला यांनाही ते पटलं नसावं. त्यांनी 'अमिस्टेक गेम्स' या नावाखाली 'माय समर कार' हा खेळ बनवला. त्याची अपुरी, सुधारत जाणारी आवृत्ती २४ ऑक्टोबर २०१६ रोजी लोकांच्या हाती आली आणि पूर्ण झालेला खेळ थेट ८ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या आठ वर्षांत लाखो लोक एक जुनी गाडी जोडण्यात रमले. या प्रकरणात तो खेळ आहे आणि मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्यातलं बोरगावही आहे. त्या खेळात काय आहे हे ज्याला फारसं समजावून सांगावं लागणार नाही, असा माणूस अशाच गावात भेटतो.

खेळातला काळ १९९५ चा उन्हाळा. जागा फिनलंडमधलं एक कल्पित खेडं: तळं, जंगल, मातीचे रस्ते, एक दुकान, एक गॅरेज. नायक १९ वर्षांचा पोरगा. आईबाप सुट्टीसाठी टेनेरीफ बेटावर गेलेत आणि घर त्याच्यावर सोडलंय. शेडमध्ये एका छोट्या गाडीचा सांगाडा आहे आणि आजूबाजूला तिचे सुटे भाग पडलेत. गाडीचं खेळातलं नाव सात्सुमा. ती बेतलीय दात्सुन १००ए या खऱ्या जपानी गाडीवर: चार सिलिंडर, हजार सीसीच्या आतबाहेरचं इंजिन. सत्तरच्या दशकात फिनलंडच्या खेडोपाडी ही गाडी घराघरांत होती.

खेळाचं मर्म इंजिन बांधण्यात आहे. 'इंजिन बांधणं' हा आपल्याकडच्या मिस्त्र्यांचाच शब्द. आधी ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्ट बसवायचा, त्यावर बेअरिंगच्या टोप्या, मग एकेक पिस्टन, हेडचं पॅकिंग, त्यावर हेड. कॅमशाफ्टच्या चक्रावर खूण असते. ती जुळवून टायमिंगची साखळी चढवायची. खूण एका दात्याने चुकली तरी वाल अवेळी उघडतात आणि गाडी सुरू होत नाही किंवा रडत रडत चालते. प्रत्येक बोल्टाला त्याच्याच मापाचा पाना लागतो. दहाच्या बोल्टाला अकराचा पाना लावलात तर तो फिरणारच नाही. आणि पाना लावून बोल्ट एकदम आवळला जात नाही. एकेक टप्पा फिरवत, शेवटी अडेपर्यंत न्यावा लागतो. एखादा बोल्ट अर्धवट राहिला तर खेळ त्या वेळी काही बोलत नाही. चार दिवसांनी, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर, हादरे खाऊन तो सुटतो आणि भाग गळून पडतो. चूक आणि तिची शिक्षा यांत असं अंतर ठेवणं ही मला या खेळातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. यंत्र चूक लक्षात ठेवतं आणि आपल्या सवडीने सांगतं.

गाडी सुरू झाल्यावर जुळवणी येते. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण साधायचं. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की धूर काळा येतो आणि प्लग काजळतात. हवा जास्त झाली की इंजिन तापतं. हे खऱ्या इंजिनाचं गणित खेळात जसंच्या तसं आहे. डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे-तिकडे फिरवून ठिणगीची वेळ जुळवायची, टॅपेट पाहायचे, पट्ट्याचा ताण पाहायचा. खेळाची पुस्तिका वाचून हे जमत नाही. कान लावावा लागतो.

आणि हे सगळं करताना पोराला भूक लागते, तहान लागते, झोप येते, अंगाला घाण वास येतो. दुकानात जाऊन खाणं आणावं लागतं, त्यासाठी पैसे हवेत. पैसे मिळतात ते लाकडं फोडून ट्रॅक्टरने पोहोचवली तर, किंवा काकाचा टँकर घेऊन गावातल्या घरांच्या मैल्याच्या टाक्या उपसल्या तर. अपघातात पोरगा मेला तर मेला. खेळाची नेहमीची मांडणी अशी, की तो पुन्हा उठत नाही, कित्येक दिवसांचं काम त्याच्यासोबत जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी येते. शनिवार-रविवारच्या रॅलीत उतरायचं तर आधी गाडी सरकारी तपासणीतून पास करून नंबरप्लेट मिळवायची. ब्रेक, दिवे, टायर यांपैकी काही कमी असलं की निरीक्षक परत पाठवतो. म्हणजे शर्यत आहे, पण तिच्या आधी पोट आहे, पैसा आहे, पाना आहे आणि कायदा आहे. खेड्यातल्या माणसाला ही यादी नवी नाही.

आता बोरगाव. सौसर आणि पांढुर्णा हे दोन्ही पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कागद हिंदीत, घरात मराठी. कापूस आणि संत्र्याचा हा मुलूख, आणि नागपूर सर्वांत जवळचं मोठं शहर. बोरगावात औद्योगिक क्षेत्र आहे. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९९१ मध्ये तिथे उभी राहिली. एकाच पंचक्रोशीत संत्र्याची बाग, कपाशीचं वावर आणि गिरणीचा भोंगा, अशी ही जागा. अशा ठिकाणी यंत्राची ओळख दोन दारांनी आत येते. एक दार शेतातलं: मोटारपंप, थ्रेशर, ट्रॅक्टर, दुचाकीला जोडलेला फवारा. दुसरं कारखान्याचं: फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, आयटीआयचा दाखला. दोन्हींच्या मधोमध रस्त्याकडेचं वेल्डिंगचं दुकान असतं. तिथे सकाळी तुटलेला नांगराचा फाळ येतो आणि दुपारी ट्रकचा पाटा.

पण गाडी बांधायची विद्या इथे इंजिनाच्या आधीपासून आहे. विदर्भात आणि लगतच्या या पट्ट्यात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडी कुठल्या कारखान्यातून येत नसे. सुतार आणि लोहार मिळून ती गावातच बांधत. त्यातलं चाकाला धाव चढवण्याचं काम पाहण्यासारखं. लाकडी चाक तयार झालं, की त्याच्या परिघाहून किंचित लहान अशी लोखंडी कडी, म्हणजे धाव, लोहार बनवतो. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण साडेबारा फूट. लोखंड पाचशे अंशांनी तापलं की तेवढ्या लांबीत ते सुमारे दोन सेंटीमीटरने वाढतं. एवढीच काय ती जागा. सांडशीने धरून तीन-चार जणांनी कडी उचलायची, चाकावर टाकायची, घण मारत खाली बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आकसते आणि आरे, पाटे, तुंबा सगळं एकमेकांत असं आवळलं जातं की एकही खिळा लागत नाही. धाव दोन बोटं मोठी झाली तर उन्हाळ्यात सुटते. फार लहान झाली तर आरे मोडतात. लोहार ते माप दोरीने आणि डोळ्याने घेत असे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे शाळेत गोल चेंडू आणि कडीच्या प्रयोगाने शिकवतात. ज्या पोरांनी धाव चढताना पाहिली त्यांना तो धडा शाळेआधीच झालेला असे.

लहान पोरांनाही यात जागा होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा. चार चाकांवरचा लाकडी नंदी दोरीने ओढत मुलं घरोघर जातात. वर्षभर मग जुन्या बेअरिंगांची गाडी, सायकलच्या टायरचा फिरका. चाकाशी दोस्ती लहानपणीच होते.

बांधलेलं पळवून पाहायची इच्छा त्याच्या पाठोपाठ येते. विदर्भातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हा तिचा जुना, थोर सोहळा. पीक निघाल्यावर मोकळ्या वावरात सरळ धावपट्टी आखतात. छकडा अगदी हलका. त्यावर एकटा धुरकरी. जोडी घड्याळाविरुद्ध पळते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो. बाहेरच्याला त्यात फक्त दहाएक सेकंदांची धूळ दिसते. पटाच्या शौकिनाला त्या धुळीमागे वर्षभराचा खुराक, खांद्यांची निगा, जोडीची निवड, जुवाचं वजन, छकड्याच्या चाकाचा हलकेपणा हे सगळं दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जनावरांच्या छळाच्या कारणावरून अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता पट भरतो तो नियमांखाली: बैलाला टोचायचं नाही, चाबूक-काठी नाही, जनावरांचा डॉक्टर हजर. बैलाला बोलता येत नाही, तेव्हा हे नियम हवेतच, आणि ते काटेकोर पाळले गेले तरच पट टिकेल, असं माझं मत आहे. त्यातून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: खेड्यातली शर्यत नियमांत बसवता येते. सात वर्षं बंद पडलेला खेळ तपासणी आणि परवानगीच्या वाटेने परत आला.

इंजिनाच्या गाडीला मात्र अशी वाट अजून सापडलेली नाही. त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातले आणि जुन्या दुचाकी-रिक्षांचे भाग जमवून एक छोटी जीप बनवली. समोरून पाहिलं तर महिंद्रच्या जीपची आठवण यावी असं तोंड, चालकाची जागा डावीकडे, आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक! खर्च सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्र यांनी ती पाहून जाहीर कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, असंही त्यांनी लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. घरी बांधलेली जीप महिंद्रच्या संशोधन केंद्रासाठी गेली.

हा गोड प्रसंग आहे आणि देणाऱ्याचं मन मोठं आहे. मला त्यात एक हुरहूरही वाटते. कारागिराला बक्षीस मिळालं ते दुसऱ्याने बांधलेल्या गाडीचं. ज्या हातांनी किकवर चालणारी जीप उभी केली, त्यांना पुढची, अधिक चांगली, अधिक सुरक्षित गाडी बांधायला काय लागलं असतं? मोजमाप करणारं कुणीतरी, ब्रेक तपासून देणारं कुणीतरी आणि ती चालवायला एक मोकळी, परवानगीची जागा.

कायदा इथे आडमुठेपणा करतो असं म्हणणं बरोबर होणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि १८९ वं कलम सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावू देत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. घरी जोडलेल्या स्टिअरिंगचा सांधा निखळला तर समोरून सायकलवर येणाऱ्या पोरीचा जीव जातो. नव्या नमुन्याची गाडी बाजारात आणायची तर पुण्याची, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था ती तपासते. मोठ्या कंपनीला ही तपासणी परवडते. एकच गाडी बांधणाऱ्या लोहाराला ते दार फार उंच आहे.

मधली एक पायरी आपल्याकडे आहे, पण ती महाविद्यालयांसाठी. बोरगाव ज्या राज्यात आहे त्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला, २००७ पासून 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा होत आलीय. मूळ कल्पना १९७६ ची, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठातली. अभियांत्रिकीची मुलं खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः आखतात, स्वतः वेल्ड करतात. पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, १० अश्वशक्तीचं, म्हणजे पैशाच्या जोरावर ताकद विकत घेता येत नाही. शर्यतीच्या आधी तपासणी: सांगाड्याच्या नळ्यांची जाडी, पट्टे, आग विझवायची सोय, आणि ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. यात कित्येक संघ गळतात. जे उरतात ते चार तासांच्या दमछाकीच्या फेरीत उतरतात, आणि तिथे वेगवान गाडीपेक्षा न मोडणारी गाडी जिंकते. पुण्या-नागपूरची पोरं रात्र रात्र जागून जे तिथे शिकतात ते फळ्यावर शिकवता येत नाही. पिथमपूरलाच २९ जून २०२१ रोजी ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा गोल मार्गही खुला झाला. सोय आहे, माणसं आहेत. मात्र आत जायला महाविद्यालयाचं ओळखपत्र लागतं, आणि बोरगावच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या पोराकडे ते नसतं.

फिनलंडने ही पायरी गावात नेऊन ठेवली. तिथे 'योक्किस' नावाची शर्यत चालते. अर्थ साधा, सर्वांसाठीची शर्यत. जुनी, भंगारात निघालेली गाडी घ्यायची, काचा काढायच्या, आत लोखंडी पिंजरा वेल्ड करायचा, शर्यतीची आसनं आणि पट्टे लावायचे आणि गावाबाहेरच्या मातीच्या मैदानावर उतरायचं. पंधराव्या वर्षापासून मुलं-मुली त्यात भाग घेतात. रस्त्यावरचा परवाना मिळण्याआधी त्यांना घसरणारी गाडी सावरता येते. त्या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख; २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्यात ४६ लाख लोक होते. एवढ्याशा देशातून वातानेन, मिक्कोला, सालोनेन, कंक्कुनेन, मॅकिनेन, ग्रॉनहोम आणि रोव्हानपेरा असे सात चालक रॅलीचे जागतिक विजेते झाले. कंक्कुनेन आणि मॅकिनेन तर चार-चार वेळा. काल्ले रोव्हानपेराने २ ऑक्टोबर २०२२ रोजी विजेतेपद मिळवलं तेव्हा त्याचा २२ वा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता, आणि आठ वर्षांचा असताना घरच्या जमिनीवर, बर्फात तो गाडी फिरवत असे. 'माय समर कार' याच मातीतून उगवला. त्यातलं गॅरेज, रविवारची रॅली, तपासणीचा निरीक्षक हे कल्पनेचे खेळ नाहीत. तिथल्या खेड्याचा तो नेहमीचा आठवडा आहे.

योक्किसमध्ये मला सर्वांत शहाणा वाटतो तो विक्रीचा नियम. प्रत्येक गाडीची किंमत आधीच ठरलेली, सगळ्यांना एकच, आणि ती कमी. शर्यत संपली की दुसरा स्पर्धक तेवढे पैसे ठेवून तुमची गाडी मागू शकतो, आणि तुम्हाला ती द्यावीच लागते. नकार दिलात तर परवाना जातो. परिणाम उघड आहे. ठरलेल्या किमतीच्या तिप्पट पैसा गाडीत ओतायला कुणी धजावत नाही, म्हणून गरीब घरचं पोर आणि जमीनदाराचं पोर एकाच रेषेवरून सुटतात. जिंकायचं ते पैशाने नव्हे, हातकौशल्याने.

सौसर-पांढुर्ण्याकडे हे आणायचं म्हटलं तर काय नाही? कापूस वेचून झाला की वावरं मोकळी होतात. घड्याळावर निकाल लावायची सवय पटाने लावलेली आहे. वेल्डिंगवाला आहे, खरादवाला आहे, गिरणीत पाळी करून आलेला फिटर आहे, आयटीआयचे मास्तर आहेत. भंगारात निघालेल्या जुन्या गाड्यांना तोटा नाही. मोटार शर्यतींचे परवाने देणारी आणि नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे. ती आपल्या नियमांत घरी बांधलेल्या, कमी किमतीच्या गाडीचा एक गट घालू शकते, आणि राज्य सरकार लेखी संमती देऊ शकतं. हेल्मेट, पिंजरा, पट्टे, प्रेक्षक आणि धावपट्टी यांच्यामध्ये मातीचा बांध, मैदानावर रुग्णवाहिका: एवढ्यावर तडजोड चालणार नाही, आणि तपासणीत जो नापास होईल तो घरी जाईल, मग तो सरपंचाचा पोरगा का असेना.

विक्रीचा नियम तर इथे पहिल्याच वर्षी रुळेल. पटात जिंकलेल्या जोडीभोवती गिऱ्हाईक जमतं आणि तिचा भाव वाढतो, हे इथल्या शौकिनांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. विकलेली जोडी नव्या गोठ्यात गेली की नवा मालक जुन्याला विचारतो, काय चारत होता, कधी पळवत होता. विकलेल्या गाडीचंही तसंच होईल. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या शेडमध्ये उघडी पडलेली असेल, हेड बाजूला काढलेलं असेल, आणि नवा मालक विकणाऱ्याला फोन लावून विचारत असेल: भाऊ, हा टॅपेट एवढा ढिला ठेवला तो मुद्दाम, की राहून गेला?